कात्रीची वाट पाहणारं शहर

रेण्वीय जीवशास्त्राच्या कुठल्याही प्रयोगशाळेत उणे वीस अंशांवर चालणारा एक फ्रीजर असतो आणि त्यात करंगळीएवढ्या प्लास्टिकच्या नळ्यांची दाटी असते. एकेका नळीत थेंब-दोन थेंब द्रव. त्यात निम्मं ग्लिसरॉल असल्यामुळे एवढ्या थंडीतही तो गोठत नाही, काकवीसारखा दाट राहतो आणि पिपेटच्या टोकाला चिकटत हळूहळू वर चढतो. नळीवर ‘इको-आर-वन’ लिहिलेलं असेल, तर त्या द्रवातलं प्रथिन डीएनएच्या लांबलचक साखळीत जी-ए-ए-टी-टी-सी ही सहा अक्षरं नेमकी याच क्रमाने जिथे आली असतील ती जागा शोधतं आणि पहिल्या अक्षरानंतर साखळी कापतं. दुसरीकडे कुठेही कापत नाही. शाळेच्या पुस्तकात अशा प्रथिनाला विकर म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे एन्झाइम म्हणतात. इथेही तोच शब्द ठेवू. बंगळुरूत या नळ्या कुठून येत होत्या आणि यायला किती दिवस लागत होते, या साध्या प्रश्नावरून त्या शहरातल्या संशोधनाचा एक अख्खा काळ वाचता येतो. १९८९ मध्ये तिथे ‘बंगलोर जेनेई’ नावाची कंपनी निघाली, देशातल्या देशात असली एन्झाइमं तयार करून विकू लागली, आणि २००९ मध्ये ती जर्मन मर्क कंपनीने विकत घेतली. या वीस वर्षांची हकिकत बहुतेक वेळा ‘परदेशी महाग, आपलं स्वस्त’ अशी सांगितली जाते. माझं म्हणणं वेगळं आहे. प्रश्न पैशाचा कमी आणि वेळेचा जास्त होता. आणि हाताशी किती वेळ आहे, यावर माणूस कोणते प्रश्न विचारायला धजतो, हे ठरत होतं.

एन्झाइमशी बंगळुरूचं नातं या कंपनीपेक्षा कितीतरी जुनं. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमला भागवत भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना नकार दिला, आणि त्या मागे हटत नाहीत असं दिसल्यावर अटी घालून घेतलं. पुढे कमला सोहोनी म्हणून महाराष्ट्राला माहीत झालेल्या या बाईंनी तिथे दुधातल्या आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं, नंतर केंब्रिजला जाऊन वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी हे प्रथिन असतं असं दाखवलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. त्या पिढीच्या कामाची रीत इथे महत्त्वाची आहे. बटाटा किसायचा, डाळ भिजवून वाटायची, फडक्यातून गाळायची, क्षार घालून प्रथिन साकळवायचं, आणि असं हाताने वेगळं केलेलं जे मिळेल त्याचाच अभ्यास करायचा. एन्झाइम हा अभ्यासाचा विषय होता, त्यामुळे ते स्वतः काढणं हा अभ्यासाचाच भाग होता. १९७० मध्ये हॅमिल्टन स्मिथ यांनी हिमोफिलस जिवाणूतून ठरावीक जागी डीएनए कापणारं एन्झाइम वेगळं केलं, तीन वर्षांत स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी तसल्याच कात्रीने कापलेले तुकडे जोडून ते ई. कोलाय जिवाणूत वाढवून दाखवले, आणि एन्झाइमची जागाच बदलली. ते आता हत्यार झालं. जनुकावर काम करणाऱ्याला कात्रीचा अभ्यास करायचा नव्हता, तिने काहीतरी कापायचं होतं. सुताराने पोलाद ओतण्यापासून सुरुवात करावी, अशी अपेक्षा कोणी करत नाही. म्हणजे पोलाद ओतणारा दुसरा कोणीतरी हवा. अमेरिकेत तो लगेच उभा राहिला. डॉन कोम्ब यांनी १९७४ मध्ये ‘न्यू इंग्लंड बायोलॅब्स’ काढली आणि रिस्ट्रिक्शन एन्झाइम, म्हणजे ही कात्री, यादीतून निवडून मागवायची वस्तू झाली.

ही वस्तू बनवणं सोपं नव्हतं, आणि का नव्हतं हे कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. ही एन्झाइमं म्हणजे जिवाणूंची घराची राखण. बाहेरून विषाणूचा डीएनए घुसला की त्याचे तुकडे करायचे, हे त्यांचं काम. पण ती सहा अक्षरं जिवाणूच्या स्वतःच्या डीएनएतही असतात. ती कापली जाऊ नयेत म्हणून जिवाणू दुसरं एक एन्झाइम बाळगतो, जे स्वतःच्या डीएनएवरच्या त्या जागांना रासायनिक टिकली लावून ठेवतं. टिकली असेल तिथे कात्री चालत नाही. मूळ जिवाणूत अशी कात्री अगदी थोडी असते, आणि ती काढताना त्याच पेशीतली डीएनए कुरतडणारी इतर प्रथिनं सोबत येतात. कित्येक मूळ जिवाणू रोग निर्माण करणारे, काही वाढवायला नखरेल. म्हणून कात्रीचं जनुक उचलून ई. कोलायसारख्या पाळीव जिवाणूत बसवायचं आणि त्याच्याकडून भरपूर प्रथिन बनवून घ्यायचं, ही युक्ती पुढे आली. यालाच रिकॉम्बिनंट एन्झाइम म्हणतात. मात्र इथेही जिवाणूला आधी टिकलीचं जनुक द्यावं लागतं. ते न देता कात्री दिली, तर तो स्वतःचेच तुकडे करून मरतो. म्हणजे बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या कात्रीमागे दोन जनुकांचा मेळ, योग्य वाण, शुद्धीकरणाचे चार-पाच टप्पे आणि प्रत्येक घाण्याची तपासणी असते. हे काम पाट्या टाकणाऱ्या कारखान्याचं नाही. संशोधकाने संशोधकासाठी करायचं हे काम आहे.

१९८० च्या दशकात बंगळुरूतल्या प्रयोगशाळेला अशी एक नळी हवी असेल तर काय होत होतं? बोस्टनजवळच्या संशोधकाने आज फोन केला, तर उद्या-परवा पार्सल दारात येई. इथे आधी कोटेशन, मग परकीय चलनाची मंजुरी, आयातीचे कागद, कस्टम्समधून सोडवणूक, आणि बहुधा मुंबई किंवा मद्रासहून पुढचा प्रवास. त्यात आठवडे जात, कधी महिने. माल ड्राय आइसमध्ये यायचा. ड्राय आइस म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड. तो वितळत नाही, उणे अठ्ठ्याहत्तर अंशांवर सरळ वायू होऊन उडून जातो. त्यामुळे गोदामात एखादी सही राहिली, मध्ये रविवार आणि सण लागून आले, तर खोकं उघडल्यावर आत पाणीसुद्धा सापडत नाही. सापडते ती फक्त कोमट झालेली नळी. एन्झाइम मेलं आहे की जिवंत आहे, हे नळीकडे बघून कळत नाही. ज्याचे तुकडे आधीपासून माहीत आहेत असा डीएनए त्याने कापून पाहायचा, तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर चालवायचा, आणि त्यांच्या पट्ट्या नीट पडल्या नाहीत तर पुन्हा कोटेशनपासून सुरुवात. या सगळ्याचा सर्वांत मोठा तोटा रुपयांत मोजता येत नाही. अशा व्यवस्थेत शहाणा संशोधक वर्षभराला काय लागेल याची यादी एकदाच करतो. यादीत नसलेला विचार मार्च महिन्यात सुचला, तर तो पुढच्या वर्षीपर्यंत थांबतो, आणि विचार असे थांबत नाहीत, शिळे होतात. डीएनएचं एखादं काम करताना जेलवर अनपेक्षित पट्टी दिसली की दुसऱ्या कात्रीने कापून बघावं, ही सहज उठणारी ऊर्मी असते. ती त्याच दिवशी पुरी करता येणं आणि तीन महिन्यांनी पुरी करता येणं, ही दोन वेगळी विज्ञानं आहेत.

यावर कोणी म्हणेल, त्या काळात भारतात जीवशास्त्राचं उत्तम काम झालंच की. झालं, आणि तेच माझ्या बाजूचा पुरावा आहे. ओबैद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा गट सुरू केला. त्या गटाचं जगभर गाजलेलं काम फळमाशीवरचं: तापमान चढताच लुळ्या पडणाऱ्या माश्या, आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांच्यासोबत शोधलेल्या, वास किंवा चव न ओळखणाऱ्या माश्या. या कामाला लागतात काचेच्या बाटल्या, मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि बारीक नजर. उत्परिवर्तन घडवायचं, हजारोंतून एक माशी वेचायची, तिचा वंश वाढवायचा. परदेशातून गोठवून आणायचं त्यात फार थोडं. सिद्दिकी जनुकशास्त्रज्ञ होते आणि माशीवर त्यांचा जीव होता, त्यामुळे सगळं श्रेय आयातीच्या अडचणींना देणं अन्यायाचं होईल. तरीही ज्या देशात कात्री तीन महिन्यांनी येते, त्या देशात माशीवरचं काम फुलतं आणि जनुक कापण्याजोडण्याचं काम रखडतं, हा केवळ योगायोग मानायला मी तयार नाही. चांगल्या माणसांनी हातात होतं त्यातून थोर काम उभं केलं. हातात नव्हतं त्यातून काय उभं राहिलं असतं, याची नोंद कुठल्याच वार्षिक अहवालात होत नाही.

सिद्दिकींच्या याच गटात पी. बाबू होते. मूळ शिक्षण भौतिकशास्त्राचं, तिथून जीवशास्त्राकडे वळलेले. १९७४ मध्ये त्यांनी सी. एलेगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या गोलकृमीच्या जीवरासायनिक जनुकशास्त्रावर निबंध प्रसिद्ध केला. हा कृमी प्रयोगासाठी निवडणारे सिडनी ब्रेनर यांच्यासोबतही त्यांचं काम आहे. त्या सुमारास जगात या कृमीवर काम करणारे लोक थोडेच होते. अशा माणसाने १९८९ मध्ये बंगळुरूत एन्झाइमं बनवून विकणारी कंपनी काढली. कायमची वैज्ञानिक नोकरी, नावावर निबंध, परदेशातल्या ओळखी, हे सगळं असताना इतरांच्या प्रयोगांसाठी नळ्या भरण्याचं काम अंगावर घेणं, हा त्या काळच्या वैज्ञानिक समाजात प्रतिष्ठेचा रस्ता नव्हता. शोध लावणारा मोठा, शोधासाठी सामान पुरवणारा व्यापारी, अशी आपली सरळ विभागणी. मला बाबूंचा हा निर्णय त्यांच्या कुठल्याही निबंधाइतकाच मोलाचा वाटतो. वर्षही विलक्षण होतं. गरम पाण्याच्या झऱ्यात राहणाऱ्या थर्मस अ‍ॅक्वाटिकस या जिवाणूचं डीएनए जुळवणारं टॅक पॉलिमरेझ हे एन्झाइम, त्याचं जनुक ई. कोलायमध्ये बसवल्याचा निबंध त्याच १९८९ मध्ये आला, आणि ‘सायन्स’ नियतकालिकाने ‘वर्षातला रेणू’ हा मान पहिल्यांदा दिला तो डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआर या पद्धतीला आणि त्यातल्या पॉलिमरेझला. अमेरिकेतल्या यलोस्टोनमधल्या झऱ्यात थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना १९६० च्या दशकात सापडलेला हा पिवळसर जिवाणू आता डीएनएच्या एका प्रतीच्या कोट्यवधी प्रती करण्याचं साधन झाला होता. कापण्याची कात्री आणि प्रती काढणारं यंत्र, दोन्ही एकाच वेळी प्रत्येक प्रयोगशाळेला हवी झाली.

टॅक बनवण्याची कृती जवळून पाहण्यासारखी आहे. जनुक बसवलेले ई. कोलाय रात्रभर फ्लास्कमध्ये हलवत वाढवायचे, मध्ये एक रसायन घालून जनुक चालू करायचं. सकाळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसलेला पिठल्याच्या रंगाचा गोळा घ्यायचा. अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम घालून पेशींच्या भिंती फोडायच्या. आणि मग ते सगळं मिश्रण पंचाहत्तर अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं. ई. कोलायची स्वतःची प्रथिनं एवढी उष्णता सोसत नाहीत. ती नासलेल्या दुधासारखी फाटून पांढरी गुठळी होतात. झऱ्यातून आलेलं टॅक मात्र जसंच्या तसं पाण्यात राहतं. पुन्हा फिरवलं की चोथा खाली, एन्झाइम वर. १९९३ मध्ये असली सुटसुटीत कृती छापूनही आली आणि जगभरच्या प्रयोगशाळा घरच्या घरी टॅक काढू लागल्या. मग कंपनी हवीच कशाला, असा प्रश्न इथे येतो, आणि तो वाजवी आहे. टॅकपुरतं उत्तर असं की ज्या प्रयोगशाळेला महिन्याला हजारो प्रयोग करायचे आहेत तिने ते जरूर स्वतः काढावं. पण ही सवलत टॅकला त्याच्या झऱ्याने दिलेली आहे. कात्र्यांना ती नाही. इको-आर-वन सदतीस अंशांवर काम करतं. मिश्रण तसं तापवलं तर तेही बाकीच्यांसोबत फाटतं. तिथे एकामागून एक स्तंभांतून गाळावं लागतं, आणि एका प्रयोगशाळेला अशा एक नव्हे, पंधरा-वीस कात्र्या लागतात. पीएच.डी.च्या मुलीने वर्षाचे चार महिने एन्झाइमं गाळण्यात घालवावेत का, हा हिशेब कोणीतरी मांडायला हवा होता. बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतून हव्या त्या नळ्या दोन-चार दिवसांत संस्थांच्या दारात पोहोचू लागल्या, तेव्हा तो आपोआप मांडला गेला.

दर्जाचं काय? देशी एन्झाइमबद्दल हा संशय कायम होता आणि तो हवेतून आलेला नव्हता. या धंद्यात एक घाणा खराब निघाला तर गिऱ्हाइकाचा महिना जातो, आणि आपला प्रयोग चुकला की एन्झाइम, हे कळायलाच त्यातला अर्धा महिना लागतो. म्हणून इथे दर्जा मोजायच्या पद्धती काटेकोर ठरलेल्या आहेत. एक युनिट म्हणजे लॅम्डा विषाणूचा एक मायक्रोग्रॅम डीएनए तासाभरात पुरता कापणारं एन्झाइम. मग तेच एन्झाइम कित्येक पट जास्त घालून रात्रभर ठेवायचं. तरी पट्ट्या स्वच्छच राहिल्या पाहिजेत, नाहीतर सोबत कुरतडणारं काहीतरी आलं आहे. कापलेले तुकडे पुन्हा जोडायचे आणि पुन्हा कापायचे. जुळले नाहीत तर टोकं खराब झाली आहेत. या कसोट्या देशाच्या सीमेवर बदलत नाहीत. त्यांत जो उतरला तो उतरला. माझ्या मते संशयाचं मोठं मूळ दुसरीकडे होतं. परदेशी नियतकालिकाकडे निबंध पाठवताना वापरलेल्या एन्झाइमच्या पुढे कंपनीचं नाव लिहावं लागतं, आणि परीक्षकाला अनोळखी नाव दिसू नये, ही धास्ती संशोधकाच्या मनात असायची. या धास्तीपायी कित्येकांनी रोजच्या कामाला देशी आणि निबंधातल्या शेवटच्या प्रयोगाला परदेशी, अशी वाटणी करून ठेवली. ती समजण्यासारखी आहे. पण रोजचं काम म्हणजेच संशोधनाचा नऊ-दशांश भाग असतो. आणि जवळच्या कारखान्याचा एक गुण कसोट्यांत येत नाही: तक्रार करायला समुद्र ओलांडावा लागत नाही. पट्टी बिघडली तर जेलचा फोटो दुसऱ्या दिवशी बनवणाऱ्यासमोर ठेवता येतो, आणि त्यातून बनवणाराही शिकतो.

किमतीच्या बाजूने बोलणाऱ्यांचाही एक भक्कम मुद्दा आहे. कंपनी निघाल्याला दोन वर्षं होतात न होतात तोच १९९१ चं संकट आलं. परकीय चलन काही आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं, सोनं गहाण ठेवावं लागलं, जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं. डॉलरमधली प्रत्येक नळी एका आठवड्यात महागली. अशा वेळी रुपयांत मिळणारं एन्झाइम हा मोठाच आधार होता, हे मान्य करतो. पण आयात पुढे स्वस्त झाली, सुलभ झाली, परदेशी कंपन्यांचे वितरक देशात फ्रीजर घेऊन बसले, तरी देशी एन्झाइमची मागणी संपली नाही. निव्वळ किमतीची बाब असती तर ती ओसरायला हवी होती. आणखी एक आक्षेप नकलेचा. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात रासायनिक प्रक्रियेने बनणाऱ्या पदार्थाला उत्पादन-पेटंट मिळत नव्हतं, त्या आडोशाला हा उद्योग वाढला, असं म्हटलं जातं. आडोसा होता. पण टॅकच्या बाबतीत तो आडोसा अनैतिक होता असं म्हणणाऱ्याने अमेरिकेतला निकाल वाचावा. पीसीआरचे हक्क १९९१ मध्ये तीस कोटी डॉलरना रोश कंपनीकडे गेले होते, आणि मूळ जिवाणूतून काढलेल्या टॅकचं पेटंट मिळवताना पेटंट कार्यालयाची दिशाभूल झाली, म्हणून ते अंमलात आणता येणार नाही, असं कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने १९९९ मध्ये ठरवलं. टॅक त्याआधीही, १९७६ मध्ये, वेगळं करून निबंधात मांडलेलं होतंच.

या काळाचा सर्वांत खोल परिणाम मला संस्थांपेक्षा महाविद्यालयांत दिसतो. बंगलोर जेनेईने शिकवण्यासाठी तयार संच काढले. एका खोक्यात मोजून घातलेला डीएनए, एन्झाइम, बफर, अगरोज आणि कृतीचा कागद. १९९० आणि २००० च्या दशकांत महाराष्ट्रासह देशभर जैवतंत्रज्ञानाचे पदवी अभ्यासक्रम भराभर सुरू झाले, तेव्हा तालुक्याच्या गावातल्या प्राध्यापकाकडे ना आयातीचा अनुभव होता, ना वर्षभर एन्झाइम जिवंत ठेवण्याची सोय. त्याला चार तासांच्या प्रात्यक्षिकापुरती खात्री हवी होती. लॅम्डा विषाणूचा डीएनए ४८,५०२ अक्षरांचा. त्यावर हिंड-थ्री ही कात्री चालवली की आठ तुकडे होतात, सर्वांत मोठा तेवीस हजारांचा, सर्वांत छोटा सव्वाशेचा. जेलवर नारिंगी पट्ट्यांची शिडी उमटते. सर्वांत खालची पट्टी बहुतेक वेळा दिसतच नाही, आणि ती का दिसत नाही यावर चांगला शिक्षक अर्धा तास बोलू शकतो. जनुक कापता येतं हे पुस्तकात वाचणं आणि आपण कापलेलं अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली पाहणं, यांत फार अंतर आहे. ते अंतर हजारो मुलामुलींसाठी या खोक्यांनी कमी केलं. ही मुलं पुढे ज्या प्रयोगशाळांत गेली, तिथे एन्झाइम ही देव्हाऱ्यातली वस्तू राहिली नाही.

इतकं सगळं खरं असेल, तर कंपनी विकली का गेली? मधल्या काळात ती चेन्नईच्या सन्मार उद्योगसमूहाकडे आली होती, आणि २००९ मध्ये त्यांच्याकडून मर्ककडे गेली. दोन वर्षं आधी, २००७ मध्ये, बायोकॉनने आपला औद्योगिक एन्झाइमांचा विभाग साडेअकरा कोटी डॉलरना डेन्मार्कच्या नोव्होझाइम्सला विकला होता. किरण मुजुमदार-शॉ यांनी १९७८ मध्ये बंगळुरूत एका गॅरेजमधून पपईच्या चिकापासून पपेन काढून विकण्याने ज्या कंपनीची सुरुवात केली, तिचा मूळ धंदाच तो. एक एन्झाइमं टनांनी विकणारा, दुसरा थेंबांनी. दोन्ही दोन वर्षांच्या अंतराने युरोपात गेले. बायोकॉनला त्या पैशातून औषधांकडे वळायचं होतं, तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. प्रयोगशाळेच्या एन्झाइमांचं दुखणं निराळं. न्यू इंग्लंड बायोलॅब्समध्ये विकणाऱ्यांच्या शेजारीच शोधणारे बसत. नफा मूलभूत संशोधनात जाई. रिचर्ड रॉबर्ट्ससारखा नोबेल मिळवलेला माणूस तिथे संशोधनाची धुरा वाहत होता. त्यामुळे यादी वाढत गेली, जुन्या कात्र्या सुधारत गेल्या. आपल्याकडे ज्ञान नव्हतं असं नाही. भारतीय विज्ञान संस्थेत व्ही. नागराज यांच्या गटाने केपीएन-वन या कात्रीचा पिच्छा पुरवला आणि दाखवलं की मॅग्नेशियम दिलं तर ती चुकीच्या जागीही कापते, पण त्याऐवजी कॅल्शियम दिलं तर नेमकी ठरलेल्या सहा अक्षरांवरच थांबते. कॅल्शियम एरवी कात्र्यांना बंद पाडतं, म्हणून हा निष्कर्ष अजब होता. त्याच संस्थेत डी. एन. राव वेगळ्या जातीच्या कात्र्यांवर वर्षानुवर्षं काम करत होते. एकाच शहरात ही समज आणि ती नळी, दोन्ही होती. त्या दोघांमधला रस्ता रुंद करण्याएवढं भांडवल, एवढी मोठी बाजारपेठ आणि एवढा धीर वीस वर्षांत जमला नाही. याचा दोष एका कंपनीला देणं मला पटत नाही; सगळ्यांत स्वस्त कोटेशनवर खरेदी करणाऱ्या आपल्या पद्धतीत उद्याच्या एन्झाइमच्या शोधाची किंमत आजच्या नळीत धरायला जागाच नव्हती.

विक्री म्हणजे काळ फुकट गेला, असं मात्र मी मानत नाही. तो गेला असता तर २०२० मध्ये हिशेब वेगळा दिसला असता. कोविडच्या आरटी-पीसीआर चाचणीच्या गाभ्याशी दोन एन्झाइमं असतात: विषाणूचा आरएनए डीएनएत उतरवणारं एक, आणि त्या डीएनएच्या प्रती काढणारं तेच यलोस्टोनचं टॅक. साथ सुरू झाली तेव्हा पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था देशातल्या चाचण्यांचा कणा होती, आणि २३ मार्च २०२० ला पुण्याच्याच मायलॅबच्या किटला मान्यता मिळाली. विषाणुतज्ज्ञ मीनल दाखवे-भोसले यांच्या गटाने ते बनवलं होतं. त्याच आठवड्यात आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबली. देशात जुळवल्या जाणाऱ्या किटांमधला बराच कच्चा माल, एन्झाइमं धरून, तेव्हाही आयातीवर होता, आणि १९८० च्या दशकातली ती वाट पाहण्याची पाळी पुन्हा आली. फरक इतकाच की या वेळी थांबलेला विचार एका प्रयोगशाळेचा नव्हता. बंगळुरूत कृषी विद्यापीठाच्या आवारात सिद्दिकींच्या गटातून उभी राहिलेली एनसीबीएस ही संस्था आहे. तिच्याच परिसरात सी-कॅम्प ही संस्था आहे, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने निघालेली, मर्कच्या खरेदीच्याच वर्षी, २००९ मध्ये. २०२० मध्ये तिने रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने निदानाच्या साहित्याचं देशीकरण हाती घेतलं: देशात कोण एन्झाइम बनवू शकतो, कोणाला ते हवं आहे, याची गाठ घालायची, आणि बनवलेल्याची कसोटी तिथेच लावायची. फ्लास्क हलू लागले, सकाळी पिठल्याच्या रंगाचे गोळे तळाशी बसले, पंचाहत्तर अंशांवर नासलेली गुठळी खाली गेली, आणि वर उरलेलं ते पाण्यासारखं दिसणारं टॅक नळ्यांत भरून फ्रीजरमध्ये गेलं.